मानाचा गोल

माणूस पहिल्याच भेटीत चिखलात लोळताना दिसला, तर त्याच्याबद्दल आपलं मत काय व्हायचं? माझंही तेच झालं.

शहागडहून बदली होऊन मी आष्टीला सिस्टर म्हणून आले तो दिवस. दवाखान्याजवळच एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती आणि टेम्पोतून सामान उतरत होतं. ड्रायव्हर एका हातानं मोबाइल कानाला लावून दुसऱ्या हातानं माझा पाण्याचा माठ खाली देत होता. एका हातानं माठ देतात का कुणी? निसटलाच. मी "अगं माय!" म्हणून डोळे मिटले. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "माझाऽऽ!" डोळे उघडून बघते तो एक धिप्पाड, टकला माणूस माठ छातीशी धरून चिखलातून घसरत नालीपाशी जाऊन थांबलेला. माठाला ओरखडाही नव्हता. माणूस मात्र ओळखू येत नव्हता.

नव्या गावात तोंडातून पहिलं वाक्य गोड निघावं म्हणतात. माझं निघालं ते असं : "तुमचा कसा हो? चांगला वाजवून, पारखून आणलाय मी तो!"

"गोलकीपरला आवाज द्याच लागतो, सिस्टर," तो उठत म्हणाला. "न्हाई तर दोघं पळतेत, दोघं थांबतेत, अन बॉल जातो मधून." माठ माझ्या हातात देऊन तो न्हाणीकडं निघून गेला. दारात त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "या सिस्टर. रोजचंच हाय हे. मला साबण पुरत न्हाई बघा."

हा माझा घरमालक. गाव त्याला कीपरभाऊ म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. पुढं कळलं की हा गडी खरोखरच पगार घेऊन फुटबॉल खेळलेला आहे. मुंबई, गोवा, कलकत्ता, सगळीकडं. मला आधी वाटलं, थापा मारतो. आपल्या जालना जिल्ह्यातलं पोरगं कबड्डी खेळेल, कुस्ती खेळेल, गल्लीत क्रिकेट खेळून कुणाची तरी काच फोडेल. पण फुटबॉल? तेही आष्टीतून?

तर त्याचं असं होतं, की हे घराणंच फुटबॉलचं. गावात यांना बॉलवालेच म्हणतात. कीपरभाऊचे आजोबा निजामाच्या काळात सिकंदराबादेला रेल्वेच्या कारखान्यात कामाला गेले आणि येताना बॉलचं खूळ घेऊन आले. त्यांच्यानंतर कीपरभाऊचे वडील, ज्यांना घरदार आणि गाव दादाच म्हणायचं, हैदराबादकडच्या एका गिरणीच्या संघात गोल मारायचे. गुडघा मोडला तेव्हा गाडीत बसून परतूर स्टेशनावर उतरले आणि पुन्हा शेतीला लागले. थोरली दोन्ही पोरंही गोल मारणारीच. एक पोलिसात, एक साखर कारखान्यात, दोघंही खेळावरच नोकरीला चिकटले. आता सगळेच गोल मारणार म्हटल्यावर अडवायचे कुणी? शेंडेफळानं.

"मला कुणी इचारलंच न्हाई, सिस्टर," कीपरभाऊ सांगायचे. "बकरी खुट्याला बांधतेत तसं मला गोलात बांधलं. दादा मारायचे, भाऊ मारायचे, अन मी नुसता अडवून राह्यलो."

आणि गंमत बघा, भाऊ जिल्ह्याच्या आसपास राहिले आणि बांधलेली बकरीच कलकत्त्यापर्यंत गेली.

खेळ सुटून बरीच वर्षं झाली होती, पण अंगातला गोलकीपर काही सुटला नव्हता. पडणारी कुठलीही वस्तू त्यांचीच. पेरू, वाटी, चिमणीचं पिल्लू, काहीही. पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. "सावधान" म्हणताच चारी बाजूंनी अक्षता आल्या आणि नवरदेवामागं उभ्या कीपरभाऊंचे दोन्ही हात आपोआप वर गेले. निम्म्या अक्षता त्यांनीच झेलल्या. म्हाताऱ्या बायका चिडल्या, "अरे मुडद्या, नवरा-नवरीला पडू दे की!" हे ओशाळून म्हणतात, "हात ऐकत न्हाईत, काकी."

हातांचे लाड विचारू नका. सकाळी एरंडेल तेल, संध्याकाळी कोमट पाणी. अंगणातल्या दोरीवर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, लुगड्यांशेजारी हातमोजे वाळत असायचे आणि त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. कापूस वेचायला तर बिलकुल नकार. बोंडाची टोकं बोटांना टोचतात ना! वहिनी वैतागायच्या, "अख्ख्या रानाची कपाशी म्या येचायची अन ह्यांचे हात लोण्यात!" पण त्यांच्यावर चिडण्यातही सोय नव्हती. वहिनी उलथणं घेऊन अंगावर आल्या की हे मागं सरायचे नाहीत, उलट दोन्ही हात पसरून त्यांच्याकडंच चालत यायचे. कारण? "माणूस मागं सरलं की गोल मोठा दिसतो. म्होरं जायचं, जागाच ठिवायची न्हाई." वहिनींना हसू फुटायचं आणि भांडण तिथंच संपायचं. मी माझ्या नवऱ्याला हा उपाय सांगून बघितला. त्याला जमला नाही.

दुसरं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "माणसाच्या तोंडाकडं बघू नगं, कमरंकडं बघ." म्हणजे बॉल मारणारा डोळ्यानं फसवतो, पण कंबर जिकडं वळते तिकडंच बॉल जातो. हे शास्त्र ते सगळीकडं लावायचे. बैलबाजारात व्यापारी "परवडत न्हाई, चाललो मी" म्हणाला की हे कानात सांगायचे, "थांबा. कंबर हिकडंच हाय त्याची." आणि व्यापारी परत यायचाच. आमच्या डॉक्टरांकडं बघून एकदा म्हणाले, "सायेब म्हणून राह्यले दिवसभर हितंच हाय, पण कंबर फाटकाकडं हाय." पाच मिनिटांत साहेब गाडीत बसून परतूरला गेले. तेव्हापासून मीही हळूच बघायला लागले.

आता त्यांच्या खेळाबद्दल खरं ते सांगते. कीपरभाऊ बहुतेक काळ दोन नंबरचे गोलकीपर होते. एक नंबरचा गोलकीपर म्हणजे फार धडधाकट प्राणी असतो. त्याला ताप येत नाही, त्याची आजी मरत नाही. त्यामुळं दोन नंबरचा कडेला बाकावर बसून असतो. पगार मिळतो, जेवण मिळतं, खेळ तेवढा मिळत नाही. कीपरभाऊंना याचं वाईट वाटायचं का? मी विचारलं होतं. ते म्हणाले, "लई वाटायचं. पण तयारी रोज करायची. पाहुणा येईल न येईल, सैपाक करूनच ठिवायचा."

पहिल्यांदा त्यांची मॅच टीव्हीवर लागली तेव्हा म्हणे चावडीपुढं टीव्ही ठेवून सारं आष्टी बसलं होतं. वहिनी नव्या नवरी होत्या, डोक्यावर पदर घेऊन मागं उभ्या. खेळ सुरू झाला, संपत आला, कीपरभाऊंचा पत्ता नाही. शेवटी एकदा बाकावरची माणसं दाखवली. त्यात हे मांडीवर टॉवेल घेऊन केळ सोलत होते. "दिसलाऽऽ!" म्हणून गाव उठलं, शिट्ट्या झाल्या, कुणी गुलाल उधळला. वहिनी म्हणाल्या, "मला मेलीला वाटलं, केळ सोलणं म्हणजेच ह्यांचा खेळ."

आणि मग एकदा खरोखरच एक नंबरवाला जखमी झाला. टीव्हीवर कीपरभाऊ मोजे चढवत मैदानात आले. समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली, म्हणजे गोलापुढं बॉल ठेवून एकट्यानं मारायचा आणि एकट्यानं अडवायचा. मारणारा पळत आला आणि आष्टीची लाइट गेली. लोकांनी वायरमनला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. लाइट आली तेव्हा टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. ती पेनल्टी कीपरभाऊंनी अडवली होती, पण गावानं काही पाहिलं नाही. गाव तरी विश्वास ठेवायचं. एक माणूस ठेवत नव्हता, तो म्हणजे त्यांचा बाप.

दादांचं बोलणं स्वच्छ. चहाच्या टपरीवर बसून सांगायचे, "म्या पाह्यलं न्हाई ते म्या मानत न्हाई. टीव्हीत दिसला म्हणतेत. दिसला की! केळ खाताना दिसला. अन म्या सवता काय पाह्यलं? दरसाल पोळ्याच्या करीला मी किक मारतो अन दरसाल गोल होतो. ह्या मोडक्या गुडघ्यानं! ज्याला म्हाताऱ्याचा बॉल अडत न्हाई त्याला गोलकीपर कसा म्हणू? खोटं बोलू का?"

हे खरं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बॉलवाल्यांच्या घरची मॅच गायरानावर व्हायची. सगळे भाऊ, पुतणे, भाचे यायचे, गाव बघायला जमायचं. सुरुवात दादांच्या किकनं. मी पहिल्या वर्षी बघायला गेले. दादांनी धोतर खोचलं, लंगडत चार पावलं आले आणि बॉलला पाय लावला. बॉल कसला, रांगतं बाळ! गवतात थांबतो की काय असं वाटलं. आणि माझा माठ हवेत झेलणारे कीपरभाऊ भलतीकडंच उडी मारून आडवे पडले. गोल! गावानं टाळ्या वाजवल्या. दादा छाती काढून म्हणाले, "बघा! पुन्हा खाल्ला!"

माझं डोकंच सणकलं. घरी येऊन मी कीपरभाऊंच्या आईला, मावशींना म्हणलं, "मावशी, हे काय सोंग आहे?"

मावशी वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "सोंग न्हाई बाई, मान हाय. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून मानाचा बैल पयला जातो, त्याला कुणी आडवं जातं का? तसा ह्यांचा बॉल. गुडघा मोडून आले ना, तवा माणूस नुसता भिंतीकडं तोंड करून बसायचा. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. करीला पोरांनी बळंच गायरानात नेलं. म्या ह्याला म्हणलं, ल्हान व्हता हा, की बाबा, दादाचा बॉल अडवायचा न्हाई. मानाचा हाय. गोल झाला अन घरी येऊन हे पोटभर जेवले. मंग काय, पडली रीत."

"आणि दादांना ठाऊक नाही?"

"साऱ्या गावाला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "त्यांना सोडून."

म्हणजे बघा! ज्या पोरानं बापाची लाज राखायला दरवर्षी गोल खाल्ला, त्याच गोलांवरून बाप त्याला गावभर नापास करत होता. आणि पोरानं कधी तोंड उघडलं नव्हतं.

असंच चाललंही असतं. पण मागच्या पोळ्याच्या आधी परतूरच्या एका शाळेचे हेडमास्तर घरी आले. त्यांच्याकडं मुलींचा फुटबॉल संघ तयार होत होता, शिकवायला माणूस हवा होता. कीपरभाऊंनी इतक्या वर्षांत कुणाकडं काही मागितलं नव्हतं. पण त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, आणि हातांना तेल लावायचं विसरले होते, यावरून मी ओळखलं की यांना हे काम जिवापाड हवं आहे. हेडमास्तरांनी रीत म्हणून वडीलधाऱ्यांना विचारलं, "दादा, तुमचं काय मत?"

दादांनी चष्मा पुसला. "माणूस सोन्यासारखा हाय, सर. पोरींना जीव लावील. पण खोटी शिफारस मी करणार न्हाई. करीला या अन तुमीच बघा, माझ्यासारख्याचा बॉल त्याला अडतो का."

कीपरभाऊ खाली मान घालून बसले. वहिनींनी आत कपबशी आपटली. हेडमास्तर म्हणाले, "येतो की, करीला येतो." आणि मावशी पहिल्यांदाच दादांवर ओरडल्या, "जिभीला काही हाड?" दादांना कळेना, आपण काय वावगं बोललो. खरं तेच तर बोलले होते बिचारे.

करीच्या सकाळी कीपरभाऊ दवाखान्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "काय होतंय?" मी विचारलं.

"काई न्हाई. सिस्टर, अडवला तर दादाची सारी उमर जाती. न्हाई अडवला तर माझी."

मी बीपीचा पट्टा काढायला लागले. तेवढ्यात तेच म्हणाले, "सोडतो म्या. माझं काय, चाललंय. त्यांचा गुडघा पुन्हा मोडायचा न्हाई मला." आणि उठून गेले. मला त्यांचा रागच आला.

दुपारी गायरान माणसांनी भरलं होतं. शिंगं रंगवलेले बैल बाभळीखाली उभे, हेडमास्तर पुढच्या खुर्चीत. आणि मावशी, ज्या कधीच मॅचला येत नसत, त्या गोलाच्या खुंट्यापाशी पोतं टाकून बसल्या. दादांनी बॉल ठेवला तशा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आवंदा मानाचा बैल न्हाई रं. अडव!"

कीपरभाऊंनी आईकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. दादांचं लक्ष नव्हतं. त्यांचं लक्ष हेडमास्तरांकडं होतं. परक्या गावचा शिकलेला माणूस बघायला आलाय म्हटल्यावर म्हाताऱ्याच्या अंगात गिरणीचा जुना गडी संचारला. मी "दादा, बीपी आहे तुम्हाला" म्हणेपर्यंत ते धावतच सुटले. लंगडत नाही, धावत! आणि जी किक बसली म्हणता, आवाज झाला फाडकन. बॉल जमिनीवरून नाही, हवेतून, गोलाच्या वरच्या कोपऱ्याकडं निघाला.

"माझाऽऽ!"

कीपरभाऊ उडाले. नुसते आडवे झाले हवेत. बॉल बोटांना लागला, खाली पडला आणि त्यांनी चिखलात त्याच्यावर अंग टाकलं. पुढं ते शपथेवर सांगायचे, "म्या सोडणारच व्हतो. पण बॉल खरा आला, सिस्टर. अंगच गेलं."

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. दादा जागच्या जागी उभे होते. मग हळूहळू लेकापाशी आले. मी औषधाची पेटी उघडूनच ठेवली.

"अडवला?" दादांनी विचारलं.

"व्हय दादा."

"मंग मागच्या साली का न्हाई अडवला?"

गावातल्या प्रत्येकाला याचं उत्तर ठाऊक होतं. पोरंटोरं, म्हातारे, सरपंच आणि त्यांचे विरोधकसुद्धा. कुणी कुणाकडं बघितलं नाही. आष्टीत इतकी एकी मी निवडणुकीला सोडा, गावजेवणालाही पाहिली नव्हती.

कीपरभाऊ चिखलात बसल्या बसल्या म्हणाले, "मागच्या साली लई जोरात व्हता, दादा. दिसलाच न्हाई."

दादांनी जरा विचार केला. "हां," ते म्हणाले, "व्हताच." मग वळले, हेडमास्तरांपुढं जाऊन उभे राहिले आणि साऱ्या गायरानाला ऐकू जाईल असं बोलले, "सर, जल्दी घेऊन जावा ह्याला. इतक्या वर्षांत हितं माझा बॉल कुणाच्या बापाला अडला न्हाई. ह्यानं अडवला!"

मग जो गलका झाला! वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. मावशींनी पोतं झटकलं, घडी घातली आणि सैपाकाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीपरभाऊ दवाखान्यात आले. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून वाकडं झालं होतं. पठ्ठ्यानं घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टर बाहेर गेलेले, म्हणून मी बर्फ आणि बांधायच्या पट्ट्या काढत होते. तेवढ्यात दादा काठी टेकत आत आले. त्यांनी बोट बघितलं, जवळ वाकून बघितलं.

"माझ्याच बॉलनं का?"

"तुमच्याच."

दादा त्याच्याजवळ बाकावर बसले. त्यांनी लेकाचा तो हात उचलला आणि आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. शेजारी एक म्हातारी खोकल्याचं औषध घ्यायला बसली होती. तिला सांगायला लागले, "बोट मोडलं पण बॉल सोडला न्हाई. माझा धाकला हाय हा. गोलकीपर हाय."

म्हातारीनं मान डोलावली. दादांनी वळून बघितलं तर कीपरभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"लई दुखून राह्यलं का रं?" दादांनी घाबरून विचारलं.

"व्हय दादा," कीपरभाऊ म्हणाले, "लई दुखतंय. सिस्टर बोट दाबून राह्यल्या ना."

मी अजून त्या बोटाला हातही लावला नव्हता.